डबा अजून आमच्याकडेच आहे, पाजी

पाजी, सत श्री अकाल.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. "नांदेडला दोनदा येऊन गेलोय, पण 'पाणी द्या' आणि 'किती झाले' एवढंच येतं," असं तुम्हीच म्हणाला होतात. तरी मराठीतच लिहितोय. त्या दिवशी मी इंग्रजीत थँक्यू म्हणालो, मग हिंदीत शुक्रिया म्हणालो आणि दोन्ही वेळा तुम्ही माशी हाकलावी तसा हात हलवलात. आता माझ्या भाषेत एकदा नीट म्हणू द्या.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. जून महिना होता. आयोवातलं वॉलकॉट, आंतरराज्य महामार्ग ८०, जगातला सगळ्यात मोठा ट्रक स्टॉप अशी ज्याची ख्याती आहे तो. आम्ही इंडियानातून ट्रेलर विकत घेऊन डे मॉइनला घरी निघालो होतो. ट्रेलर म्हणजे फिरतं घर, पण साध्या हुकाला अडकवून ओढायचं नव्हे. याला फिफ्थ व्हील म्हणतात. याचं पुढचं नाक पिकअपच्या हौद्यात येतं आणि मागच्या आसाच्या वर बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या थाळीवर, टेकतं. आमच्या पिकअपचा हौदा आखूड, साडेसहा फुटी. ऐसपैस हौदा आठ फुटांचा असतो. हा दीड फुटाचा फरक किती महाग पडतो ते मला डिझेल पंपाच्या वळणावर कळलं. समोरून ट्रक आला म्हणून मी स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेतून आत आला.

लेक तिच्या आईबरोबर दोन मिनिटांपूर्वीच बाथरूमला उतरली होती. मागच्या सीटवर तिची खुर्ची होती, तिच्यात तिची बाहुली आणि वरून काचांचा सडा. ते बघून माझे पाय गेले. मागचा एक जण हॉर्न वाजवत होता. दुसरा मोबाईल काढून शूटिंग करत होता, त्याचं भलं होवो. ज्या दुकानातून ट्रेलर घेतला तिथे फोन लावला तर तिथला पोरगा म्हणाला, "वळताना जरा लक्ष द्यायला हवं होतं." आणि हाच पोरगा विकताना म्हणाला होता की ट्रेलरचे पुढचे कोपरे गोल आहेत, आखूड हौद्यालाही चालतं, सरकणारी हिच म्हणजे उगाच खर्च! त्या गोल कोपऱ्यानंच काच फोडली, बाबा.

तेवढ्यात तुम्ही आलात. निळी पगडी, पायात चपला, हातात चहाचा थर्मास. तुम्ही हिचकडे बघितलंच नाही. दार उघडून सीट बघितलीत आणि म्हणालात, "पुत्तर, पहले बच्ची की सीट." मोठे तुकडे हातानं उचलून झाले, पण कापडाच्या शिवणीत बसलेली बारीक काच निघेना. मग तुम्ही तुमच्या ट्रकवर चढलात आणि स्टीलचा डबा घेऊन आलात. आत मळलेली कणीक होती, रात्रीच्या रोट्यांची. त्यातला लिंबाएवढा गोळा तोडून तुम्ही सीटवर थापत गेलात. थापायचा, उचलायचा, उन्हात धरून बघायचा. कणकेत काच साखरेसारखी चमकत होती. मग दुसरा गोळा, तिसरा गोळा. बाहुलीचे केससुद्धा तुम्ही तसेच टिपलेत. शेवटी त्या खुर्चीवरून स्वतःचा उघडा तळवा फिरवलात, आधी डावा, मग उजवा, आणि मान डोलावलीत.

पाजी, माझी आजी चिमणी फुटली की असंच करायची. तेरा हजार किलोमीटर दूर येऊन कणकेचा गोळा बघितला आणि मी तिथेच डांबरावर बसून रडलो. तुम्ही पाठ फिरवून थर्मासचं झाकण लावत राहिलात. तेवढा वेळ ते झाकण काही लागत नव्हतं. त्याबद्दलही आभार.

ट्रेलर कसा सोडवला, काचेच्या जागी प्लास्टिक कसं चिकटवलं, ते सांगत बसत नाही. पण हिचबद्दल तुम्ही जे दाखवलंत ते लिहायला हवं, कारण मला कुणीतरी आधी तसं दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही टेप मागितली, माझ्याकडे नव्हती. मग तुम्ही वितीनं मापलंत. पिनेपासून, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालचा जो खुंटा हिचमध्ये अडकतो तिथपासून, केबिनपर्यंत साडेचार विती. ट्रेलरच्या मध्यापासून कडेपर्यंत पाच विती आणि वर चार बोटं. "अब बोल, कैसे मुडेगा?" ट्रेलर आठ फूट रुंद, त्याचं अर्धं ४८ इंच. काटकोनात वळलं की ते ४८ इंच केबिनच्या दिशेनं येतात, आणि आमच्याकडे जागा जेमतेम ४०. कोपऱ्याची गोलाई त्यातून थोडं वाचवते, सगळं नाही. चौथीतल्या मुलाचं गणित. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि मी ते केलं नव्हतं.

सरकणारी हिच हेच करते, पिनेला फूटभर मागं नेते. हातानं सरकवायची स्वस्त असते. वळणाआधी उतरायचं, दांडा ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक लावून गाडी हळू पुढे घ्यायची, कडी बसल्याची खात्री करायची. कॅम्पमध्ये रिव्हर्स घेताना ठीक आहे, सवड असते. मी तीच घेतो म्हणालो. तुम्ही विचारलंत, "आज मोड पे उतरता तू?" नसतो उतरलो. समोरून ट्रक येत होता. म्हणून आपोआप सरकणारी घे म्हणालात. गाडी वळेल तशी ती मागं जाते, सरळ झाली की जागेवर येते. जड असते, महाग असते, आणि ट्रेलरच्या पिनेला एक प्लेट कायमची बसवावी लागते. पण तिला माझ्या आठवणीवर भरवसा ठेवावा लागत नाही.

त्याआधी तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडायला लावून चौकटीवरची वजनाची पाटी वाचायला लावलीत. गाडीवर किती भार चालतो ते तिथे लिहिलेलं असतं, आणि वर्षभर ते दार उघडून मी ती वाचली नव्हती. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनेवर येतो. आमचे ९,००० पौंड, म्हणजे १,८०० हौद्यात. त्यात हिचचे दोनशेच्या वर, आणि आम्ही तिघं. आमच्या पाटीवरच्या २,६०० मध्ये हे बसत होतं, पण कसंबसं. बसत नसतं तर तुम्ही हिच सोडा, ट्रेलरच परत करायला लावला असतात, असं तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं.

लेकीनं मध्येच विचारलं, "चार चाकं दिसतात, पाचवं कुठंय?" एवढ्या गडबडीत तिला उत्तर देणारेही तुम्हीच. घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं चाक असायचं, त्याच्यावर गाडी वळायची, ते पाचवं. मग तिला उचलून तुमच्या ट्रकमागची ग्रीस लावलेली काळी थाळी दाखवलीत. तिचा फ्रॉक अजून डागाळलेला आहे आणि ती तो धुवू देत नाही.

नवी हिच ऑगस्टमध्ये बसवली. पुलराइटची, आपोआप सरकणारी. ती इंडियानात मिशावाकाला बनते, म्हणजे जिथून ट्रेलर घेतला तिथून गाडीनं फार लांब नाही. त्या पोरानं कंपनीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. असो. आता जोडताना तुम्ही सांगितलंत तसं बॅटरी मारून बघतो, पिनेभोवती जबडा मिटलाय का, दोन थाळ्यांच्या मध्ये उजेड तर दिसत नाही ना. मग ट्रेलरचे ब्रेक धरून एक हलका हिसका. बायको म्हणते, मंदिरात घंटा वाजवल्यासारखं करतोस.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तुम्हा लोकांना दिवस सुरू केल्यापासून चौदा तासांच्या आतच गाडी चालवता येते, त्यातही अकरा तास, आणि ते घड्याळ मध्ये थांबत नाही. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं. आमच्यापायी तुमचे दोन तास गेले. माल वेळेवर पोचला का? कुणी बोललं का तुम्हाला? मी विचारलंही नाही. मला वाटलं तुम्ही निवांत आहात, कारण तुम्ही तसेच वागत होतात.

नांदेडचा आहे म्हटल्यावर तुम्ही डोक्याला हात लावून हजूर साहिबचं नाव घेतलंत आणि लंगरची डाळ आठवलीत. मी लहानपणी शाळा सुटल्यावर किती वेळा तिथे जेवलोय. कुणी कधी विचारलं नाही, तू कुणाचा. तसलं जेवण पचायला चाळीस वर्षं लागतात बहुतेक.

तुमचा नंबर मी टिश्यूवर लिहून घेतला होता. तो कपहोल्डरमध्ये ठेवला आणि वर पाण्याची बाटली लवंडली. उरली कणीक "घर जाके रोटी बना लेना" म्हणून तुम्ही डब्यासकट दिली होती. त्या रात्री आम्ही तेच जेवलो. डब्यावर गुरुमुखीत नाव कोरलेलं आहे, बहुतेक घरच्यांचं. आयुष्याची पहिली बावीस वर्षं नांदेडात काढली, आजूबाजूला पाट्या होत्या, तरी ती लिपी मी शिकलो नाही. त्याची आता लाज वाटते.

आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. बायकोनं त्यात शंकरपाळे भरून तो ट्रेलरच्या कपाटात ठेवलाय. महामार्ग ८० वर निघालो की वॉलकॉटला थांबतो आणि निळ्या पगड्या बघत फिरतो. तुम्ही भेटत नाही. मग परतीच्या वाटेवर शंकरपाळे आम्हीच संपवतो, आणि घरी आलो की बायको पुन्हा तळायला घेते.

तुमचा,
नांदेडवाला, फुटक्या काचेचा