घाटरस्त्यांची पाहणी दुचाकीवरून व्हावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की घाटांविषयीच्या बातम्या आणि पत्रे वृत्तपत्रांतून येऊ लागतात. कुठला घाट जड वाहनांसाठी बंद झाला, कुठे दरड आली, कुठल्या धबधब्यापाशी किती गर्दी लोटली, हे त्यांतले नेहमीचे विषय. आणि त्यांच्याच जोडीने घाटात दुचाकींना सरसकट बंदी घालावी, अशी मागणीही कोणीतरी हमखास करते. महाड परिसरात राहून वरंध, आंबेनळी आणि ताम्हिणी हे तिन्ही घाट वर्षानुवर्षे मोटारसायकलने चढणारा-उतरणारा वाचक या नात्याने मला या मागणीविषयी आणि तिच्या गदारोळात राहून जाणाऱ्या एका मुद्द्याविषयी लिहायचे आहे. आपले घाटरस्ते दुरुस्त होतात आणि ‘वाहतुकीस योग्य’ ठरतात, ते चारचाकीच्या काचेतून पाहून. दोन चाकांवर तोल सांभाळत जाणाऱ्याला जो रस्ता दिसतो, तो पाहणी करणाऱ्यांच्या नजरेस बहुधा पडतच नाही.

घाटातली दुचाकी म्हटले की शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईहून येणारे, अंगावर जाड जाकिटे चढवलेले जथे लोकांच्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यातल्या काहींचे वर्तन खरोखर संतापजनक असते आणि त्यांची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत याच रस्त्यांवर डेअरीला दूध घालणारा शेतकरी असतो, वाड्यावस्त्यांवर जाणारी आशाताई असते, शाळेचे गुरुजी, वायरमन आणि डबलसीट कामावर निघालेले गवंडी असतात. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आणि वेळा गैरसोयीच्या असल्याने या मंडळींना दुचाकीवाचून दुसरा उपाय नसतो. वरंध घाट बंद झाला की महाडहून भोरला निघालेल्या माणसाला एक तर माणगावकडून ताम्हिणीमार्गे किंवा पोलादपूरहून महाबळेश्वर-वाईमार्गे भला मोठा वळसा पडतो. म्हणजे एका घाटातली जोखीम टाळण्यासाठी त्याला दुसरा घाटच चढावा लागतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. रस्त्यावर जिवाची सर्वाधिक किंमत मोजणारा हा वर्ग आहे, आणि रस्त्याची गुणवत्ता ठरवताना नेमका तोच हिशेबात नसतो.

उदाहरण म्हणून वळणावरच्या खडीकडे पाहू. घाटातल्या वळणाला बाहेरची कड उंच आणि आतली कड सखल, असा तिरपा उतार मुद्दाम दिलेला असतो, जेणेकरून वाहन बाहेर फेकले जाऊ नये. पावसाआधी डोंगराकडेची गटारे उपसली नाहीत तर पाणी मोरीतून जाण्याऐवजी रस्त्यावरून वाहते आणि सोबत आणलेली बारीक खडी, माती त्याच सखल कडेला टाकून पुढे जाते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे डाव्या वळणावर दुचाकीस्वार बरोबर त्या आतल्या कडेला असतो, गाडी त्याच बाजूला झुकलेली असते आणि डोंगर डाव्या हाताला असेल तर पुढचे काही दिसतही नाही. टायरची पकड अशा वेळी दोन कामांना पुरवावी लागते, गाडी वळवायला आणि तिचा वेग कमी करायला. खडी दिसताच घाबरून ब्रेक दाबला तर पुढचे चाक सुटते, आणि खडी चुकवायला उजवीकडे सरकावे तर समोरून येणाऱ्या टेम्पोच्या पुढ्यात जावे लागते. मोटारीत बसलेल्याला याच खडीचा पत्र्यावर उडालेला तडतडाट तेवढा ऐकू येतो.

साइडपट्टीचेही तसेच आहे. घाटरस्त्यांचे काँक्रिटीकरण होत आहे आणि ते स्वागतार्हच आहे; दरवर्षी डांबर वाहून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र काँक्रीटची कड आणि मातीची साइडपट्टी यांच्यात पुष्कळ ठिकाणी वीतभर पायरी राहते. समोरच्या मोठ्या वाहनाला जागा देण्यासाठी एकदा खाली उतरलेली मोटारसायकल त्या पायरीवरून तिरप्या रेषेत परत वर येऊ शकत नाही. चाक कडेला घासत राहते आणि गाडी आडवी होते. ही गोष्ट मुरूम टाकून, दाबून, रोलर फिरवून सुटण्यासारखी आहे. तेवढे काम बाकी असताना रस्ता पूर्ण झाल्याचे जाहीर होऊ नये, इतकीच अपेक्षा आहे. डांबरी भागात आणखी एक दोष दिसतो. खड्डे बुजवताना टाकलेल्या ठिगळांवर डांबराचे प्रमाण जास्त झाले की उन्हात ते वर येते, रस्ता आरशासारखा गुळगुळीत होतो आणि पहिल्या सरीनंतर त्यावर चाक टिकत नाही.

मग पांढरे पट्टे आणि वेग रोखणारे रंबलर. रस्त्यावर जाड थराने ओतलेले पट्टे ओले झाले की डांबरापेक्षा निसरडे असतात. ते सरळ भागात असल्यास हरकत नाही. पण वळणाच्या ऐन मध्यावर, जिथे गाडी झुकलेली असते तिथे, आडव्या पट्ट्यांची रांग ओढणे म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली धोका निर्माण करणे होय. वेग वळणाआधी कमी व्हायला हवा, म्हणून रंबलरही वळणाच्या पुरेसे आधी हवेत. हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, पावसात एकदा त्यावरून मोटारसायकल न्यावी लागते.

दरीच्या बाजूला आता जुन्या दगडी कठड्यांच्या जागी पत्र्याचे क्रॅश बॅरियर बसवले जात आहेत. मोटार अडवायला ते उपयोगी आहेत, याविषयी वाद नाही. परंतु घसरून पडलेला दुचाकीस्वार जमिनीलगत सरपटत जातो. पत्र्याची पट्टी त्याच्या अंगावरून वर राहते आणि तो थेट लोखंडी खांबावर आदळतो, किंवा दोन खांबांमधून खाली दरीत जातो. फ्रान्स, स्पेन यांसारख्या देशांत मोक्याच्या वळणांवर मूळ पट्टीखाली जमिनीलगत आणखी एक पट्टी बसवतात आणि स्पेनने तर अशा रचनेच्या चाचणीचे स्वतंत्र मानकच ठरवले आहे. आपल्याकडे साऱ्या घाटभर हे करणे खर्चिक ठरेल. ज्या वळणांवर वारंवार दुचाकी पडतात असे पोलीस ठाण्याच्या नोंदींवरून दिसते, तेवढ्या वळणांपुरते तरी ते करायला काय हरकत आहे?

दरडींचा विषय मी थोडक्यात आवरतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच पावसात आंबेनळीसह अनेक घाटरस्ते तुटले. तेव्हापासून मुसळधार पावसाच्या इशाऱ्याला घाट बंद ठेवण्याचा निर्णय झाला तर इथले लोक कुरकुर करत नाहीत. दुचाकीस्वाराची अडचण पुढच्या टप्प्यावर सुरू होते. जेसीबी येतो, दगड-माती दरीत किंवा कडेला लोटली जाते आणि रस्ता ‘मोकळा’ झाल्याचा निरोप जातो. प्रत्यक्षात त्यावर लाल मातीच्या राड्याचा पातळ थर उरलेला असतो, ज्यावर जीपगाडी सहज निघून जाते आणि मोटारसायकल साबणावरून गेल्यासारखी घसरते. टँकरच्या पाण्याने तो पट्टा धुऊन मगच दुचाकी सोडल्या तर अर्ध्या-पाऊण तासाचा उशीर होईल, त्याहून अधिक काही नाही.

चालवणाऱ्यांच्या बाजूनेही काही गोष्टी स्पष्ट सांगणे भाग आहे. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून सोडण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आणि फार घातक आहे. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे वेग बराचसा इंजिनच आवरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा हा आधार फार थोडा मिळतो, विशेषतः वेग अगदी कमी झाल्यावर. म्हणून लांब उतारावर स्कूटरने मधूनमधून थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. नव्या मोटारसायकलींपैकी १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, मात्र वर उल्लेखलेल्या दूधवाल्याची वा गवंड्याची गाडी बहुधा शंभर ते सव्वाशे सीसीची असते आणि तिचे चाक ब्रेक दाबताच अडकू शकते. वेग वळणाच्या आधी उतरवावा, नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी आणि उजव्या वळणावर मध्यरेषेपासून चांगले अंतर राखावे. कारण त्या वळणावर चाक रेषेच्या आत असले तरी झुकलेल्या स्वाराचे डोके आणि खांदा रेषेपलीकडे गेलेला असतो आणि समोरून येणाऱ्या एसटीचा कोपरा नेमका तिथेच पोहोचतो. हेअरपिन वळणावर लांब वाहनाला सगळा रस्ता लागतो. अशा वेळी खालीच थांबून त्याला पूर्ण वळू देण्यात कमीपणा नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असे केंद्राचे वाहनचालनाचे नियम सांगतात, पण परवान्याच्या परीक्षेत पाठ केलेला हा नियम घाटात पाळताना क्वचितच कोणी दिसतो. वळणावरच गाड्या लावून धबधब्याचे फोटो काढणाऱ्यांना पोलिसांनी जागेवर दंड करावा, त्यात काही गैर नाही.

तरीही चालकाची चूक आणि रस्त्याचा दोष यांची गल्लत होता कामा नये. घाटात दुचाकी पडली की ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ असे लिहून विषय मिटतो. तिथे खडी होती का, पायरी होती का, पट्टे कुठे होते, याची नोंद कोणी घेत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले असून, रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. (आजकाल बऱ्यापैकी मोटारसायकलीलाही याहून जास्त पैसे पडतात, हे सोडा.) मात्र अपघाताच्या जागी रस्त्याची स्थिती लिहूनच ठेवली नाही, तर या कलमाचा आधार घ्यायचा कशाच्या जोरावर?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक घाटाची पाहणी करणाऱ्या अभियंत्याने किंवा त्याच्या सहायकाने वर्षातून दोनदा तो घाट मोटारसायकलवरून, दोन्ही दिशांनी पार करावा. चढताना जे वळण निर्धोक वाटते तेच उतरताना जीव टांगणीला लावते, त्यामुळे एकाच दिशेची पाहणी पुरेशी नाही. पहिली फेरी मे महिन्यात, गटारे आणि साइडपट्ट्या पाहण्यासाठी. दुसरी जूनमध्ये, पाऊस आठ-दहा दिवस लागून झाल्यावर, कारण खडी कुठल्या वळणावर साचते ते तेव्हाच कळते. सोबत स्थानिक दुचाकीस्वार न्यावा. कुठे गाडी घसरते हे त्याला पाठ असते.

या पाहणीला जोड म्हणून घाटातल्या प्रत्येक अवघड वळणाला क्रमांक द्यावा. तमिळनाडूत वालपराईच्या चढणीवर चाळीस आणि कोल्ली हिल्सच्या रस्त्यावर सत्तर हेअरपिन वळणे आहेत आणि तिथे वळणावळणाला क्रमांकाची पाटी उभी आहे. पर्यटकांना ती गंमत वाटते, पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. आपल्या घाटांत मोबाइलला रेंज नसलेले पट्टे पुष्कळ आहेत. अपघात पाहिलेला माणूस रेंज मिळेपर्यंत दोन-चार किलोमीटर पुढे जातो, १०८ ला फोन लावतो आणि ‘वाघजाईच्या खाली, मोठ्या वळणावर’ एवढेच सांगू शकतो. अशी मोठी वळणे घाटात कितीतरी असतात. पाटीवरचा आकडा सांगता आला तर रुग्णवाहिका थेट तिथे पोहोचेल, पोलिसांच्या नोंदीत तोच आकडा चढेल आणि पुढच्या मे महिन्यात पाहणीला निघालेल्या अभियंत्याला कुठल्या वळणावर आधी गाडी थांबवायची हे कागदावरूनच कळेल. पाट्यांचा खर्च फार नाही आणि त्यासाठी भूसंपादनही लागत नाही. आंबेनळी आणि वरंध या दोन घाटांत येत्या पावसाळ्यापूर्वी हा प्रयोग करून पाहावा, अशी सार्वजनिक बांधकाम विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक दुचाकीस्वार वाचक
महाड, जि. रायगड