नुसतं एसजीपीटी बघून लिव्हर चांगलं म्हणू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी केज तालुक्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गावोगावी आरोग्य शिबिरं होतात त्यात बऱ्याचदा लिव्हरसाठी नुसतं एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम) करतात, ते 40 च्या आत आलं की कागदावर नॉर्मल, आणि पिणारा माणूस तोच कागद खिशात घालून परत देशीच्या दुकानावर. माझ्या चुलतभावाचं असंच झालं. वीस वर्षं रोजची पिणारा, शिबिरात एसजीपीटी 38, घरी येऊन वहिनीला म्हणला बघ, मला काय झालंय?

दारूनं बिघडलेल्या लिव्हरमध्ये एसजीपीटी फार चढतच नाही हो. त्या एन्झाइमला बी-6 जीवनसत्त्व लागतं, पिणाऱ्याच्या अंगात तेच कमी पडलेलं असतं, म्हणून एसजीओटी हे तसलंच दुसरं एन्झाइम वर जातं आणि एसजीपीटी मागं राहतं, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीच्या वर दिसलं की आधी दारूचाच संशय येतो. सोबत जीजीटी हे लिव्हरचं तिसरं एन्झाइम वाढलेलं असतं, ते पिणं थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर यायला लागतं. आणि सिरोसिस झाल्यावर, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झाल्यावर, तर कधीकधी हे सगळे आकडे नॉर्मलही येतात, कारण एन्झाइम सांडायला पेशीच कमी उरलेल्या असतात, तिथं अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघावं लागतं.

आपल्याकडं आंबट ढेकर आली की लोक पित्त झालं म्हणतात, ती ॲसिडिटी. खरं पित्त लिव्हरमध्ये बनतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर, तेलतूप पचवायला. लिव्हर सुजलं की ते आतड्यात नीट उतरत नाही, रक्तात साचतं. भावाला आधी खाज सुटली, रात्रभर नडग्या खाजवायचा, सकाळी चादरीवर रक्ताचे डाग. लघवी कडक चहासारखी. डोळे पिवळे झाल्यावर घरच्यांनी कावीळ उतरवायला नेलं, मनगटावर डाग दिला, त्यात तीन आठवडे गेले. मी रक्त तपासलं तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे पित्तातला पिवळा रंग, 14, नॉर्मल असतं 1 च्या आसपास. मशीन चुकलं असंल म्हणून परत लावलं, तेच आलं. दोन महिन्यांत भाऊ गेला, 42 वर्षांचा होता.

माझी कळकळीची विनंती आहे, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या आत शिबिरं घ्या आणि त्यात एसजीओटी, जीजीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि प्लेटलेटही करा, आणि किती पितो, किती वर्षं पितो हे माणसाला न रागावता विचारा, रागावलं की तो खोटंच सांगतो. अजून एक, रोजची पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, हातपाय थरथरतात, झटके येतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, ता. केज, जि. बीड