चि. मुक्तास, तयार सॉसविषयी

नाशिक

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

खोलीवर पोहोचायला रात्रीचे आठ वाजतात आणि मग बाहेरूनच काहीतरी मागवले जाते, असे तू परवा फोनवर म्हणालीस, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तयार सॉस वापरणे ही स्वयंपाकातली पळवाट आहे, हे तुझ्या आत्याचे मत मला मुळीच पटत नाही. आपण वाटण करून ठेवतो आणि त्यावर दोन-तीन दिवस भाज्या करतो, तसेच या बाटल्यांकडे पाहावे. सोयाबीन आणि गहू आंबवून पारंपरिक पद्धतीने सोया सॉस तयार व्हायला काही महिने जातात, थाई करीच्या पेस्टसाठी गवती चहा, लसूण आणि मिरच्या बराच वेळ कुटाव्या लागतात. ते वेळखाऊ काम आधीच झालेले असते. मात्र वाटण जसे कच्चे वाढत नाहीत, तसा सॉसही थेट ताटात ओतू नये.

थाई पेस्टच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. पातेल्यात आधी नारळाचे थोडे घट्ट दूध तापवावे, त्यात दोन चमचे पेस्ट घालून कडेला तेल सुटेपर्यंत मंद आचेवर परतावी आणि मगच उरलेले दूध, पाणी, फरसबी आणि लाल भोपळ्याच्या फोडी घालाव्यात. उतरवताना किंचित गूळ आणि लिंबू पुरे. या पेस्टमध्ये पुष्कळदा कोळंबी असते, तेव्हा तू शाकाहारी असल्यामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय घेऊ नकोस.

पास्त्यासाठी १०० ग्रॅमला साधारण एक लिटर पाणी घ्यावे आणि त्यात मीठ घालावे. पास्ता निथळण्यापूर्वी त्यातले वाटीभर पाणी आठवणीने बाजूला काढून ठेव, कारण त्यात उतरलेल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला धरून राहतो. पास्त्याच्या सॉसची बाटली एकाच रात्रीत संपवू नये. लसूण परतून त्यात दोन टोमॅटो किसून घालावेत, ते आटले की मगच बाटलीतला थोडा सॉस मिसळावा. इकडे पिंपळगावला टोमॅटोची आवक वाढली की गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात तो इतका स्वस्त मिळतो की सॉसची एक बाटली आम्हाला सहज तीन-चार जेवणांना पुरते. तुझ्याकडेही हंगामात हेच करता येईल.

शिळा भात फ्राइड राइससाठी ताज्या भातापेक्षा चांगला, कारण थंड झाल्यावर दाणे घट्ट होतात आणि मोकळे राहतात. फक्त तो रात्रभर ओट्यावर न ठेवता, निवताच फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. त्यात घालायची शेजवान चटणी आपल्याकडच्या चायनीजची, नाव मात्र सिचुआनवरून आलेले. चीनच्या सिचुआन प्रांतात जिभेला झिणझिण्या आणणारी जी मिरी वापरतात, ती आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातली आहे. एखाद्या तिरफळाची बी काढून टाकून साल कुटून त्या भातात घालून पाहा, मला ती चव फार आवडते.

मिठाबाबत मात्र मी आग्रही आहे. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी घ्यावे. म्हणून सॉस घातल्यावर चव घेतल्याखेरीज वरून मीठ घालू नये. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. टोमॅटोच्या सॉसमध्ये साखर टोमॅटोच्या आधी आली असेल, तर ती बाटली परत फडताळावर ठेवावी.

उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्येच असाव्यात, त्यांत ओला चमचा जाऊ नये, आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी. उरलेली थाई पेस्ट बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलीस, तर एका वेळी एक-दोन वड्या काढता येतील. या आठवड्यात आधी पास्ता कर आणि तो कसा झाला ते मला कळव.

तुझे,
बाबा