मंत्रिमहोदय, निदान एक हंगाम आधी सांगा

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

काटोल तालुक्यात माझी साडेचार एकर संत्र्याची बाग आहे आणि राहणं नागपुरात, मानेवाड्याला. शाळामास्तर होतो, निवृत्त झालो, आता आठवड्यातून तीनदा एसटीने बागेत जातो. जागतिकीकरण या विषयावर मी वर्गात कित्येक वर्षं निबंध लिहून घेतले. फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या. पोरं फायद्यात मोबाइल लिहायची, तोट्यात संस्कृती. संत्र्याचं नाव कोणी काढलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

सुचलं ते २०२३ च्या आंबिया बहारात, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलून दिवाळीच्या सुमारास तुटणाऱ्या पिकात. ऑगस्टात व्यापारी बाग पाहून गेला, ठोक सौदा झाला, एकवीस हजार इसार हातावर ठेवला. दिवाळी झाली की तोडा सुरू करायचा असं ठरलं होतं. दिवाळी गेली, पण ना मजूर आले, ना क्रेट. आला तो फोन. "काकाजी, ढाक्याले ड्युटी वाढली न. तिकडच्या पार्टीनं हात वर केले. माल पुरून नाही राह्यला. रेट खाली घ्या, नाही तर इसार ठेवून घ्या तुमच्याकडं."

आपल्याकडे फायली थांबतात, फळ थांबत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल, हीच त्याची गंमत, दोन बोटांत सुटतं. पण झाडावर जास्त राहिलं की सालीत आणि फोडीत अंतर पडतं, दाबून पाहिलं तर आत फोफसं लागतं. त्या दहा-बारा दिवसांत मी रोज सकाळी बागेत होतो. झाडाखाली रात्रीतून गळालेली फळं, त्यांच्यावर मुंग्या, आणि आंबूस वास. माझा गडी ती घमेल्यात गोळा करून बांधाकडेच्या खड्ड्यात ओतायचा. तिसऱ्या दिवसानंतर तो माझ्याकडे बघायचंच टाळू लागला. शेवटी मी रेट खाली घेतला. व्यापाऱ्याने जे नाकारलं ते नागपूरच्या कळमना बाजारात नेलं. तिथे सगळा तालुका नाकारलेला माल घेऊन आला होता. चुरीच्या, म्हणजे बारक्या-टाकाऊ फळांच्या, ढिगावर बोली लागली, त्यातून गाडीभाडं आणि हमाली निघाली, एवढंच.

व्यापाऱ्याला मी दोष देत नाही. नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ मध्ये तिथलं आयात शुल्क किलोमागे वीसेक रुपये होतं. दरवर्षी चढत चढत २०२३ मध्ये ते ८८ रुपयांवर गेलं, पुढच्या वर्षी शंभरी ओलांडली. ज्या फळाला माझ्या बांधावर वीस-पंचवीस रुपये किलो मिळाले तर आम्ही खूश, त्याच्यावर सीमेवर ८८ रुपये! राज्य सरकारने यातला निम्मा भार उचलण्याची घोषणा केली होती. ती निर्यातदारांसाठी होती. माझ्या साडेचार एकरांपर्यंत तिचा ओलावा आला नाही.

आता हे शुल्क ढाक्याने का वाढवलं? डॉलर वाचवायला २०२२ मध्ये त्यांनी परदेशी फळांवर जादा कर बसवले, हे एक कारण. पण कळमन्यात कोणत्याही अडतीवर चहा घेत बसा, दुसरं कारण ऐकू येईल: कांदा. २०१९ च्या सप्टेंबरात आपण एकाएकी कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांसमोर हिंदीत म्हणाल्या, की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसले. २०२० च्या सप्टेंबरात आपण पुन्हा तेच केलं, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा. कांदा नाशिकचा, वाट काटोलच्या संत्र्याची लागली, असं आमच्याकडे बोललं जातं. ते किती खरं हे सरकारी कागदांना ठाऊक. पण त्या बाईंची तक्रार मला आज तंतोतंत कळते. मालाचा नाही, न कळवण्याचा राग येतो.

मी जागतिकीकरणाच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. तसं म्हणायला मला तोंड नाही. माझी मुलगी मिहानमध्ये, नागपूरच्या विमानतळालगतच्या उद्योग वसाहतीत, एका आयटी कंपनीत आहे. संध्याकाळी सहाला कॅब येते, अमेरिकेतल्या लोकांच्या विम्याचे दावे ती रात्रभर तपासते, पहाटे येऊन झोपते. २०२३ चा फटका तिच्या पगारावर निभावला. नव्या ठिबकच्या नळ्या तिच्या पैशातून आल्या, आणि ते ठिबकचं तंत्रही मुळात इस्रायलचं. तीस वर्षांपूर्वी अशी नोकरी करायला पोरीला पुण्या-मुंबईला धाडावं लागलं असतं आणि मी कदाचित धाडली नसती.

मात्र तिचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या, म्हणजे तिकडे नोकरीला जायच्या परवान्याच्या, नव्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लावलं. घोषणा शुक्रवारी, अंमल रविवारपासून. तिच्या टीममधल्या एका मुलाचे जायचे बेत तिथेच बारगळले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं ढाका तसं आमचं वॉशिंग्टन." मी म्हटलं, तुझं फळ सडत तर नाही. ती काही बोलली नाही. आपण उगाच बोललो असं मला नंतर वाटलं.

खरेदी करताना तर आम्ही केव्हाचे जगाच्या बाजारात उभे आहोत. संत्र्याला पोटॅश खत लागतं. ते आपल्या देशात निघत नाही, सगळं बाहेरून येतं. रशिया आणि बेलारूस हे त्यातले मोठे पुरवठादार. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि काटोलच्या कृषी केंद्रात पोटॅशच्या गोणीचा भाव ऐकून मी दोनऐवजी एकच उचलली. दुकानदाराशी कोणी भांडलं नाही. युद्ध आहे म्हटल्यावर भांडणार कोणाशी?

कापसाचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण तो निर्णय दिल्लीतच झाला. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड निर्यातदार अडचणीत आले, म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणालात, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलंत. गिरण्यांना स्वस्त रुई लागते हे मला मान्य आहे. तिरुपूरच्या शिलाई कामगाराचंही पोट आहे. पण विदर्भात वेचणी दसऱ्यानंतर जोर धरते आणि छोटा शेतकरी डिसेंबरच्या आत कापूस विकून मोकळा होतो, घरात ठेवायला त्याच्याकडे जागा नसते आणि उधारी डोक्यावर असते. म्हणजे सवलत बरोबर त्याच्या विक्रीच्या दिवसांपुरती होती! हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. माझ्या साडूने ओलावा जास्त भरला म्हणून खासगीत सात हजारांना दिला. पेरणी जूनमध्ये होते. तेव्हा हे कळलं असतं तर त्याने दोन एकरांत तूर वाढवली असती.

एक छोटी गोष्ट सांगतो. सीताबर्डीवरून मी एक शर्ट घेतला. घरी आल्यावर कॉलरच्या आतली पट्टी वाचली: बांगलादेशात शिवलेला. बांगलादेश आपल्याकडून भरपूर कापूस घेतो, तेव्हा तो धागा आमच्याच वऱ्हाडातून गेलेला असू शकतो. २०११ पासून दारू-तंबाखूसारख्या मोजक्या २५ वस्तू सोडल्या तर त्यांचा माल आपल्याकडे शुल्काशिवाय येतो. येऊ द्या, शर्ट चांगला आहे, अजून वापरतो. पण त्यांच्या शर्टाला शुल्क नाही आणि माझ्या संत्र्याला शुल्काची कडी, हे टेबलावर समोरासमोर बसून कोणीतरी बोलायला हवं की नाही? ते काम आपल्या खात्याचं आहे.

म्हणून मागणं दोनच आहेत. ढाक्याशी पुढची व्यापारी बोलणी होतील तेव्हा संत्रं यादीत वर असू द्या, आणि बदल्यात त्यांना हवं ते द्या: कांदा बंद करायचा झाल्यास आधी कळवण्याचं लेखी वचन. दुसरं, शेतमालाच्या आयात-निर्यातीचं शुल्क बदलायचं असेल तर ते पेरणीच्या किंवा बहाराच्या आधी जाहीर करा. युद्ध, दुष्काळ आला तर गोष्ट वेगळी, आम्हालाही कळतं. एरवी एक हंगाम आधी. मग तोटा झाला तर तो आमच्या अंदाजाचा, आम्ही गिळू.

अनुदान मी मागत नाहीये, हे मुद्दाम लिहून ठेवतो. आमच्या भागातले काही जण यावरून माझ्यावर चिडतील.

सध्या बाग ताणावर आहे, म्हणजे फूल धरावं म्हणून पाणी तोडलंय. पानं मलूल झालीत, संक्रांतीच्या आसपास पाणी सोडू, मग फूल धरेल आणि फळ हाती यायला दिवाळी उजाडेल. पाणी सोडायच्या आधी दिल्लीहून काही कळणार असेल तर थांबतो, पण झाडं फार दिवस थांबणार नाहीत.

आपला,
काटोलचा एक संत्रा उत्पादक, मुक्काम नागपूर