टेबलावर प्लास्टिक घालायच्या आधी हे वाच

पुणे, २४ मे

प्रिय मृणाल,

काल फोनवर तू सांगितलंस की आप्पांचं टेबल एकदाचं टेम्पोतून रत्नागिरीला पोचलं, खिडकीपाशी लावलं, आणि आता बाजारातून जाड पारदर्शक प्लास्टिक आणून वर अंथरलं की सोमवारपासून वह्या बांधायला बसायचं. ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला गं. तुझ्या आवाजात इतका आनंद होता की मधे तोडवेना, पण रात्री झोप लागेना, म्हणून हे सविस्तर लिहितेय, व्हॉट्सअपवर तुकड्यातुकड्यात सांगितलं असतं तर निम्मं राहून गेलं असतं. हे वाचून होईपर्यंत ते प्लास्टिक आणू नकोस, आणि आणलंच असशील तर गुंडाळूनच ठेव.

माझ्या आजीचं टेबल तुला आठवतंय ना, सागवानी, दोन खणांचं, ज्यावर आपण दहावीला बसून नकाशे भरायचो? ते माझ्याकडे आलं तेव्हा मी अगदी हेच केलं होतं. दोन एमएमची पारदर्शक शीट मापात कापून आणली आणि घातली. पहिलं वर्ष छान गेलं, लाकूड दिसतंय, रंग सांडला तर पुसला जातोय, अजून काय पाहिजे. मग मे महिना आला, दुपारचं ऊन थेट टेबलावर, आणि एक दिवस कडेने चहा आत गेला म्हणून शीट उचलायला गेले तर उचलेचना. कोपरा धरून ओढला तर चर्र असा आवाज आला, आणि शीटच्या खालच्या अंगाला कांद्याच्या सालीसारखा तपकिरी पापुद्रा चिकटून वर आला. ते पॉलिश होतं. जिथे शीट चिकटली नव्हती तिथे पांढुरके ढग, आणि बोट फिरवलं तर गूळ सांडल्यासारखं चिकट. आजीने त्या टेबलावर पन्नास वर्षं रोज सकाळी कोरडा फडका मारलेला, ओला फडका कुणी लावला तर ओरडायची, आणि मी ते जपायला म्हणून जे घातलं त्यानेच ते गेलं.

नंतर कारण कळलं. ती मऊ शीट म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपासारखं, त्यात तेलासारखं द्रव्य घालून ते मऊ करतात. ते द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि खालच्या पॉलिशला मऊ करतं, उन्हाळ्यात तर अजूनच पटकन. रबराच्या अँटीस्लिप जाळ्या, रबरी पाय असलेले स्टँड, यांनीही पॉलिशवर डाग पडतात, तेही थेट लाकडावर नकोत.

तर सगळ्यात आधी आप्पांच्या टेबलाला पॉलिश कुठलं आहे ते बघ. माझ्याकडे जे पॉलिशवाले काका आले होते त्यांनी काय केलं सांगते. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापसाचा छोटा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून दहा-पंधरा सेकंद दाबून धरला. बोळा उचलला तर त्याला तपकिरी रंग आणि ती जागा बोटाला चिकट. म्हणाले, हे चपड्याचं पॉलिश. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, ते स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून पॉलिश करतात आणि कापडी बोळ्याने हात मारत मारत चढवतात. जुन्या घरांमधलं सागवानी फर्निचर बरंचसं हेच, आप्पांचंही तेच असेल असं मला वाटतं. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने मऊ पडलं तर लॅकर, आणि दोन्हींना दाद दिली नाही तर बहुतेक मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, ही टणक पॉलिशं, मग निम्मी काळजी मिटली.

हे का महत्त्वाचं तर चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणजे अल्कोहोल असलेलं काहीही त्याचा शत्रू. कोरोनापासून आपल्या सगळ्यांच्या घरी सॅनिटायझरची बाटली असते, ती त्या टेबलावर ठेवूसुद्धा नकोस, एक थेंब गळला तरी गोल डाग. ग्लू गनचा गोंद काढायला लोक आयसोप्रोपिल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, वापरायला सांगतात, मार्करचे डाग काढायलाही तेच, नेलपॉलिश रिमूव्हरने फेविक्विक निघतं म्हणतात, हे सगळं काचेवर ठीक आहे, आप्पांच्या टेबलावर यातलं काही लावलंस तर डागासकट पॉलिशही निघेल. म्हणूनच डाग पडल्यावर काय करायचं हे शिकण्यापेक्षा पडू न देणं सोपं.

आता मी काय केलंय ते सांगते, तीन वर्षं झाली आणि टेबल अजून नीट आहे. लाकडावर पहिलं येतं सुती कापड. माझ्याकडे आजीचीच जुनी नऊवारी आहे, दोन घड्या घालून. फेल्टही चालतं पण पांढरंच घे, रंगीत फेल्ट ओलं झालं तर रंग लाकडात उतरतो. त्यावर सुताराकडून करून घेतलेली फळी, प्लायची, वर सनमायका. इथे एक चूक मी केली ती तू करू नकोस. मी ६ एमएमचा प्लाय घेतला आणि फक्त वरच्या बाजूला सनमायका लावून घेतला, पैसे वाचवायला. दोन महिन्यांत फळी पापडासारखी वाकली, कारण एक बाजू बंद आणि दुसरी उघडी, उघडी बाजू हवेतला दमटपणा ओढत राहते. तुझ्याकडे कोकणात तर ते पंधरा दिवसांत होईल. प्लाय १२ एमएमचा घे आणि सनमायका दोन्हीकडून लाव, खालचा साधा पातळ चालतो. आणि पुढच्या कडेला खाली वळणारी एक लाकडी पट्टी ठोकून घे, इंचभर पुरे, आणि पट्टीच्या आतल्या अंगालाही कापड चिकटवून घे. त्या पट्टीमुळे फळी सरकत नाही आणि मुख्य म्हणजे टेबलाची पुढची कड झाकली जाते, कारण घासलं जातं, कापलं जातं, टवके उडतात ते सगळ्यात जास्त तिथेच.

फळीवर कटिंग मॅट, म्हणजे कटर चालवायला खाली ठेवायची ती जाड चटई. ए३ स्वस्त पडते म्हणून घेऊ नकोस, ए२ घे, साधारण १८ बाय २४ इंच. मोठा पुठ्ठा कापताना पट्टी आणि कटर मॅटच्या बाहेर जातात, आपलं लक्ष रेघेवर असतं आणि हाताला कळत नाही मॅट कधी संपली. माझ्या टेबलावर उजव्या कोपऱ्याजवळ चार सेंटीमीटरची एक सरळ रेघ आहे, शीटच्याही आधीची, ती अशीच पडली. पॉलिशवाल्या काकांनी मेण भरून दिलं तरी नख फिरवलं की कळते. मॅट आपोआप भरून येते म्हणतात ते खरं तर असं आहे की पातं आत शिरताना मटेरियल बाजूला होतं आणि पातं गेलं की परत मिटतं, म्हणून पातं सरळ उभं पाहिजे, तिरकं धरलंस तर तुकडाच निघतो आणि तो काही भरून येत नाही. पातं बोथट झालं की मोडून पुढचं घे, बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की खोल जातं. आणि मॅटला उष्णता अजिबात नको, गरम कप नको, इस्त्री नको, ग्लू गन नको, उन्हात ठेवलेल्या गाडीत नको, एकदा वाकली की परत सपाट होत नाही. धुवायची तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, बस.

पण तुझं काम नुसतं कापायचं नाही, शिवायचंही आहे. आरीने भोकं पाडताना मॅट पुरत नाही, आरीचं टोक मॅट पार करून सनमायकात जातं. अप्पा बळवंत चौकाजवळ एक बाइंडर आहेत, मी त्यांच्याकडे तासन् तास उभी राहून बघितलंय, ते भोकं पाडताना खाली जुन्या मासिकांचा बोटभर जाड गठ्ठा ठेवतात आणि कापताना कायम खाली टाकाऊ पुठ्ठा, तो चिरून चिरून केसाळ झाला की फेकून नवीन. मला हे फार आवडलं, महागड्या मॅटइतकंच काम रद्दीचा पुठ्ठा करतो. आयलेट, म्हणजे भोकात बसवायची धातूची कडी, ठोकायचं असेल तर मात्र टेबलच नको. हातोडीचा दणका मॅटमधून, फळीमधून थेट सांध्यापर्यंत जातो आणि जुने सांधे खिळखिळे होतात. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा मिळतो बघ, तो जमिनीवर सतरंजीची घडी घालून त्यावर ठेव आणि तिथे ठोक. तोच तुकडा ग्लू गन ठेवायलाही कामाला येतो, कारण गनचं टोक दोनशे डिग्रीच्या आसपास तापतं आणि सनमायकावर आडवी पडली तर फोड येतो. माझ्याकडे गनखाली बेकिंगची सिलिकॉन मॅट आहे, गोंदाचे ओघळ थंड झाले की टिकलीसारखे निघून येतात.

खळ तू घरीच करणार म्हणालीस, मैद्याची, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट घालून. उत्तम, पण खळ म्हणजे शेवटी पाणी, आणि चपड्याच्या पॉलिशवर पाणी थांबलं की पांढरा डाग. शिवाय रात्री खळीचा एक ओघळ राहिला तरी झुरळं येतात. ब्रश फिरवताना पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्र घेऊ नकोस, शाई ओल्या कापडाला लागते, कोरा ब्राऊन पेपर घे आणि प्रत्येक पानामागे नवीन. माझी चिऊ पोस्टर कलर घेऊन बसते तेव्हा मी वर मेणकापड टाकते, आपल्या लहानपणी बाळाखाली घालायचे ना तेच, पण काम झालं की लगेच काढून झटकून ठेवते.

मखर करायला आपण थर्माकोल वापरायचो तेव्हा टेबलाची एवढी चिंता नव्हती गं, थर्माकोल लोण्यासारखा कापला जायचा. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली आणि मखर पुठ्ठ्याचं झालं, जे झालं ते चांगलंच झालं, पण तीन एमएमच्या ग्रे बोर्डावर, म्हणजे त्या कडक राखाडी पुठ्ठ्यावर, कटर चार-पाच वेळा दाबून फिरवावा लागतो आणि खाली जे असेल त्याची परीक्षा होते. यंदा गणपतीला तुझ्याकडे येणार आहे ना मी, मखर तुझ्याच टेबलावर करायचं आहे, म्हणूनही सांगतेय. फक्त रेझिनचं, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या त्या पारदर्शक द्रवाचं, काम त्या टेबलावर नको, कितीही झाकलंस तरी नको. ते मधासारखं वाहतं, फटीतून खाली शिरतं, कपात जास्त वेळ राहिलं तर चटका बसेल इतकं तापतं, आणि एकदा घट्ट झालं की तासूनच काढावं लागतं. ते गच्चीत लोखंडी टेबलावर.

आता सगळ्यात कळकळीने सांगते ते ऐक. तुझ्याकडे दहा-बारा दिवसांत पाऊस सुरू होईल. पावसाळ्यात फळी आणि कापड कायम टेबलावर ठेवू नकोस. रोज काम झालं की फळी काढून भिंतीला उभी कर, नऊवारी उचलून दोरीवर टाक, टेबल रात्रभर उघडं राहू दे. मला माहितीये, दमल्यावर कंटाळा येतो, पण कापडाखाली ओल धरली तर आठवड्यात बुरशी येते, आणि खिडकीपाशी ठेवलंयस म्हणजे शिंतोडे येणारच. निदान जून ते सप्टेंबर ते खिडकीपासून दोन हात आत घे. काचेचा विचार करत असशील तर ५ एमएमची टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, घे, रंग वाळला तरी पात्याने खरवडून निघतो, पण खाली चारी कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या लाव म्हणजे हवा खेळते, आणि माप घेताना दोनदा घे कारण टफन केल्यावर काच कापता येत नाही. काचेवर कटर मात्र चालवू नकोस, टोक लगेच जातं आणि सटकतं.

आप्पा त्या टेबलावर हिशेबाच्या वह्या लिहायचे, डाव्या बाजूला कोपर टेकून टेकून जी जागा गुळगुळीत झालीये ती मला अजून आठवते. नवीन पॉलिश मारायचं झालं तरी ती घासू देऊ नकोस, कारागिराला आधीच हात लावून दाखव.

रविवारी दुपारी मी घरीच आहे. स्पिरिटचा बोळा लावून बघ, त्या जागेचा आणि बोळ्याचा असे दोन्ही फोटो पाठव आणि मग फोन कर, सुताराला द्यायचं माप आपण फोनवरच काढू.

तुझी,
वैशू

ता. क. फेविक्विकचा थेंब कधी सांडलाच तर सुती कापडाने किंवा कापसाने पुसायला जाऊ नकोस, सुताशी ते एकदम तापतं, चटका बसतो आणि धूर येतो. हात न लावता पूर्ण वाळू दे आणि मला फोन कर.