सराव संचातला बारा वाजताचा सूर्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, सराव संच येतो तो मी कात्रीने कापून ठेवते, म्हणजे मला स्वतःला आता कसली परीक्षा द्यायची नाहीये, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं नोकरी करून रिटायर झालेली बाई, बहुतेक सगळी नोकरी माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात, आता साताऱ्यात राहते. पण आमच्या गल्लीतल्या तीन मुली संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात, दोघींचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा कोर्स, चालू आहे आणि तिसरीचं होऊन चार वर्षं झालीत, तिच्या पदरात लेकरू आहे. तर त्यांच्यासाठी ते कापणं. आणि पत्र लिहायचं कारण पण तोच संच.

मागच्या फेब्रुवारीतल्या एका संचात परिसर अभ्यासाचा प्रश्न होता, दुपारी १२ वाजता सूर्य कुठे असतो. पर्याय पूर्वेला, पश्चिमेला, डोक्यावर, क्षितिजावर. उत्तर छापलंय डोक्यावर. तिघींनी तेच टिक केलं होतं, गाइडमध्येपण तेच आहे. मी म्हटलं चला गच्चीवर, उद्या रविवारच आहे. एक मीटरची सरळ काठी बादलीतल्या वाळूत उभी केली, ओळंब्याला दोऱ्याला कुलूप बांधलं, आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. बारा वाजले तेव्हा सावली चांगली तीन विती लांब होती, सूर्य डोक्यावर बिक्यावर काही नव्हता, दक्षिणेकडे कललेला सरळ दिसत होता. आणि गंमत म्हणजे बारानंतर सावली वाढायच्या ऐवजी अजून कमी होत गेली, सर्वांत लहान झाली पावणेएकच्या सुमाराला, तेव्हा टेपनं मोजली तर ५९ सेंटिमीटर. गायब वगैरे काही नाही.

मुली माझ्याकडे बघायला लागल्या, की बाई घड्याळ चुकलंय का. घड्याळ बरोबर आहे, पण ते साताऱ्याचं नाही ना. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ती रेषा तिकडे मिर्झापूरवरून जाते. सातारा ७४ च्या आसपास, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं धरली की ३४ मिनिटं झाली, तेवढा उशीर सूर्याला आपल्याकडे यायला लागतोच. वर फेब्रुवारीत अजून चौदाएक मिनिटं वाढतात कारण पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही आणि आस कललेला आहे, हे मी त्यांना नुसतं सांगितलं, इयत्ता तिसरीतल्या पोराला ते सांगायची गरज नाही. पण गडचिरोलीत हीच काठी लावली तर तिथं सावली आपल्यापेक्षा २४ मिनिटं आधी सर्वांत लहान होईल, हे मात्र पाचवीच्या पोराला कळतं, मी शिकवलेलं आहे.

आणि डोक्यावर म्हणाल तर, कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातून जातं, त्यामुळे आपल्याकडे सूर्य अगदी बरोबर डोक्यावर वर्षात दोनच दिवस येतो. साताऱ्यात मेच्या १०-११ तारखेला आणि परत ऑगस्ट लागताना. शून्य सावली म्हणतात ते. उरलेले ३६३ दिवस तुमचं छापलेलं उत्तर चूकच, आणि त्या दोन दिवशीही बरोबर बाराला नाही. डिसेंबरात तीच मीटरची काठी ८७ सेंटिमीटर सावली टाकते आणि जूनमध्ये तर दुपारची सावली उलट दक्षिणेकडे पडते, इवलीशी, दहा सेंटिमीटर, अर्थात ढगांनी दिसू दिली तर. माझ्या माहेरच्या वाड्याला उत्तरेकडे एक झरोका होता, त्यातून मेच्या शेवटाला दुपारी ऊन आत यायचं आणि आजी म्हणायची आता पाऊस जवळ आला. तिला कर्कवृत्त माहीत नव्हतं.

मुलींना मी काय सांगितलं ते पण प्रामाणिकपणे लिहिते. परीक्षेत डोक्यावरच टिक करा, मार्क घालवू नका, पण वर्गात पोरांना डोक्यावर असं शिकवू नका. आता हे सांगताना मलाच कसंतरी झालं.

तुम्ही म्हणाल बाई एवढ्या एका प्रश्नावरून काय चिडताय. एक नाहीये. मी मागचे सगळे संच काढून बसले. पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो हे बरोबर उत्तर म्हणून दोनदा आलंय, कुठलंच झाड रात्री ऑक्सिजन सोडत नाही, ऊन लागतं त्याला, काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतात तेवढंच, आणि श्वास मात्र सगळीच झाडं दिवसरात्र घेतात. जिभेचा नकाशा आलाय, टोकाला गोड, मागे कडू. घरी कारल्याचा तुकडा जिभेच्या टोकाला लावून बघा, कळतंय की नाही ते. त्याच्या मागे १९०१ मधल्या एका जर्मन शास्त्रज्ञाच्या कामाचा पुढच्यांनी लावलेला चुकीचा अर्थ आहे आणि तो कितीतरी वर्षं पुस्तकांतून फिरतोय. ग्रह नऊ, हेपण एकदा आलं, प्लूटोला २००६ मध्येच बाजूला काढलंय.

पण चुकीची उत्तरं दुरुस्त करता येतील, माझं खरं दुखणं बरोबर उत्तरांचं आहे. या मुलींना सगळं बरोबर येतं. अ म्हटलं की रातांधळेपणा, ब१ बेरीबेरी, क स्कर्व्ही, ड मुडदूस, गाडी सुसाट. मग मी विचारलं क जीवनसत्त्व तुमच्या शाळेतल्या पोरांना कशातून मिळेल, तर म्हणे संत्री. माणच्या पोराला संत्री कोण देणार? पेरू आणि आवळा सुचला नाही, पेरूत संत्र्यापेक्षा जास्त असतं. डेंग्यू म्हटलं की एडिस डास, एकीने अर्ध्या सेकंदात सांगितलं. आणि त्याच मुलीच्या अंगणात जुना रांजण होता त्यात अळ्या वळवळत होत्या, मी दाखवल्या तर म्हणाली अगंबाई किडे पडलेत पाण्यात.

त्या अळ्या आम्ही काचेच्या बरणीत घेतल्या, वर फडकं बांधलं घट्ट. बघायला इतकं असतं त्यात! शेपटाकडचं टोक पाण्याच्या वर आणि डोकं खाली अशा तिरक्या लटकतात, श्वास घ्यायची नळी मागच्या टोकाला असते म्हणून. मलेरियाच्या ॲनाफिलिसची अळी मात्र पाण्याला समांतर, आडवी पडून असते, तिला ती नळी नसते. चारपाच दिवसांत त्यांचे स्वल्पविरामासारखे कोष झाले आणि मग एका सकाळी फडक्याखाली डास. अंड्यापासून डासापर्यंत आठदहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, हा हिशोब तिला तेव्हा लागला, आशाताई सांगायच्या तेव्हा ती नुसती मान हलवायची. आता ती मुलगी उद्या शाळेत गेली तर पहिल्या आठवड्यात टाकीत डोकावणार याची मला खात्री आहे.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, पण तसंच. फुलफॉर्म पाठ, तोसुद्धा इंग्रजीतून. घरी कसं करायचं विचारलं तर अंदाजपंचे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, आणि इथं सपाटला फार महत्त्व आहे, मीठ जास्त झालं तर पोराला अपाय होतो. साखर कशाला? तिघीही म्हणाल्या ताकद यायला. साखर आतड्यातून आत जाताना मिठातलं सोडियम बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागे पाणी जातं, म्हणून. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पिंपात कालवून लोकांना प्यायला दिलं आणि माणसं वाचली. ही गोष्ट चौथीच्या वर्गाला सांगितली की पोरं चमचा मोजून घेतात, फुलफॉर्मनी घेत नाहीत.

आता मी काही फार हुशार होते असं नाही, उलटच. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून ग्लास पालथा घालायचा, मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढतं, हा प्रयोग मी वीस वर्षं केला आणि वीस वर्षं सांगितलं की बघा ऑक्सिजन संपला, हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. मला डी.एड.ला तसंच शिकवलेलं. एकदा चौथीतलं एक पोरगं, मागच्या बाकावरचं, म्हणालं, ‘बाई, ऑक्सिजन तर जळताना संपत होता ना, मग पाणी इझल्यावर का चढलं?’ मी त्याला गप्प बस म्हणाले. रात्री घरी स्वयंपाक झाल्यावर मी परत करून बघितलं, आणि पोराचं खरं होतं. जळत असताना पाणी जवळपास हलत नाही, उलट ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर येतात. म्हणजे ज्योतीने आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर जाते, आणि विझल्यावर उरलेली गार होऊन आकसते तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. एकाच्या जागी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अजून वर. ऑक्सिजन काय तिप्पट झाला होता का? आणि मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लकच असतो. दुसऱ्या दिवशी त्या पोराला पुढे बोलावून त्याच्याकडूनच तीन मेणबत्त्यांचा प्रयोग करून घेतला. त्याचं नाव लिहीत नाही, आता मोठा झालाय, पुसेगावात गॅरेज आहे त्याचं, माझी स्कूटी तोच बघतो.

सांगायचा मुद्दा, टीईटीचा पहिला पेपर १५० मार्कांचा, त्यात परिसर अभ्यास ३०, आणि त्या तीसमध्ये इतिहास भूगोल नागरिकशास्त्र पण आलं, म्हणजे सायन्सच्या वाट्याला किती येणार. खुल्या गटाला ९० मिळाले की पास, चुकीला मार्क कापत नाहीत. सायन्समध्ये भोपळा घेऊनसुद्धा पहिली ते पाचवीचा शिक्षक होता येतं. वर डी.एल.एड.ला येणाऱ्या बऱ्याच मुली आर्ट्सच्या, दहावीनंतर सायन्सचं पुस्तक बंद. त्यांचा दोष नाही त्यात. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर, नोकरीची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या जुन्या शिक्षकांनापण दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय, म्हणजे माझ्या बरोबरीने काम केलेल्या पंचेचाळिशीच्या बायका आता वनलायनर पाठ करतायत, ज्यांनी उभ्या हयातीत पोरांकडून बिया रुजवून घेतल्या त्या. बघवत नाही.

परीक्षा पर्यायांचीच ठेवायची असेल तरी चालेल हो, प्रश्न बदला. म्हणजे असं विचारा की एका मुलाने साताऱ्यात फेब्रुवारीत काठीची सावली १२ ला आणि साडेबाराला मोजली, दुसरी लहान आली, शिक्षकाने काय करावं: मोजमाप चुकलं म्हणावं, घड्याळ चुकलं म्हणावं, एकपर्यंत अजून मोजायला सांगावं, की पुस्तकातलं उत्तर लिहून घ्यावं. ज्याने आयुष्यात एकदा काठी रोवलीय त्याला हे लगेच येईल. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, तिथं साध्या सरकारी शाळेतल्या पोरांची परीक्षा पुस्तक उघडं ठेवून व्हायची आणि वर प्रात्यक्षिकाची वेगळी व्हायची, आणि शिक्षक सुट्टीत प्रशिक्षणाला येऊन तेच प्रयोग स्वतः करायचे. तीस वर्षं चाललं, २००२ मध्ये बंद केलं. आपल्याकडे अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी आहेत, पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेत त्यांनी कितीतरी वर्षं पोरांना आणि शिक्षकांना शिकवलं, त्यांच्या वेबसाइटवर मराठीतली पुस्तकं फुकट आहेत, डी.एल.एड.च्या दोन वर्षांत दर शनिवारी त्यातलं एक खेळणं करायला लावलं तरी नव्वद-शंभर होतील. खर्च काय, सायकलची जुनी ट्यूब आणि काडेपेट्या.

तुमच्याकडे माझं मागणं छोटं आहे. दहा प्रश्नांच्या संचात दोन प्रश्न असे ठेवा की ज्याचं उत्तर तुम्ही पुढच्या आठवड्यात छापाल आणि तोपर्यंत वाचणाऱ्याला घरी करून बघावं लागेल. आणि उत्तर चुकलं तर चुकलं असं त्याच चौकटीत छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

येत्या मेच्या १०-११ ला शाळेला सुट्टी असते म्हणून पोरांना शून्य सावली शाळेत कधी बघायला मिळत नाही, आणि ऑगस्टातली तर ढगात जाते. म्हणून आम्ही गच्चीवर गल्लीतली सगळी पोरं गोळा करणार आहोत, काठी, तांब्या, स्टीलचा डबा, जे सरळ उभं राहील ते. साडेबाराच्या सुमाराला तुमचा फोटोग्राफर पाठवलात तर बरं होईल, बाराला नको, बाराला सावली असते. कोकम सरबत करून ठेवते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा