मागणी आणि गरज

अंबड, नाशिक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

हाताखाली एकही माणूस नसताना प्रॉडक्ट मॅनेजर नेमका कशाचा मॅनेजर असतो, असे तू परवा फोनवर विचारलेस. त्या वेळी कारखान्यात पत्रा कापणे चालू असल्याने धड बोलता आले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

हे काम तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेले नाही. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती पाहत असे, आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण दिले, त्याचा मथितार्थ असा की, प्रत्येक ब्रँडसाठी एक जबाबदार माणूस असावा, त्याने कोणत्या भागात माल किती जातो हे तपासावे आणि जिथे तो उठत नाही तिथे स्वतः जाऊन कारण शोधावे. (हाच गृहस्थ १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.) त्या टिपणातले ‘स्वतः जाऊन’ एवढेच मला महत्त्वाचे वाटते, कारण ते न केल्याची किंमत मी मोजली आहे.

तू दहावीत असताना बागाईतदार माझ्याकडे द्राक्षावर औषध फवारणाऱ्या ब्लोअरला सहाशेऐवजी हजार लिटरची टाकी मागू लागले. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला की डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने सगळी बाग लवकरात लवकर फवारून काढावी लागते, त्यात पाणी भरायच्या खेपा नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. मी आनंदाने टाकी मोठी केली. ओल्या काळ्या जमिनीत चारशे किलोंच्या जादा वजनाने चाके रुतली आणि त्याच हंगामात दोन यंत्रे परत आली. तेव्हा कुठे मी पिंपळगावच्या एका बागेत पहाटेपासून घड्याळ घेऊन बांधावर बसलो. टाकी रिकामी व्हायला पाऊण तास लागला आणि विहिरीवरच्या अर्ध्या इंची नळीने ती पुन्हा भरायला जवळजवळ तेवढाच. मागणी मोठ्या टाकीची होती. गरज टाकी लवकर भरण्याची होती. जुन्याच टाकीला दोन इंची पाइप आणि ट्रॅक्टरवर चालणारा भरणी पंप जोडला, तो आजही खपतो.

वेल्डर मालक म्हणून माझे ऐकतो असे तुला वाटत असेल, पण पंपाच्या कल्पनेला तोही नाक मुरडत होता. त्याला एक दिवस त्याच बांधावर नेऊन बसवले, मग मला काही सांगावे लागले नाही. तुझ्या इंजिनिअरांनाही ग्राहकाकडे घेऊन जा. तुझ्याकडे हुकूम नाही, पण पाहिलेली गोष्ट दाखवता येते.

नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकांनी १९८४ मध्ये मांडले की, काही गुण असले तर कोणी कौतुक करत नाही, पण नसले तर माणूस चिडतो. आमच्याकडे गळका व्हॉल्व्ह तसा आहे. न गळणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल आजवर मला कोणी शाबासकी दिलेली नाही. अशी कामे तुमच्या यादीत नेहमी तळाला जातात, कारण ती दाखवून मिरवता येत नाहीत. ती वर आण आणि त्यासाठी एखाद्या झगमगीत गोष्टीला कारण देऊन नकार दे.

राहिला तुझा दुसरा प्रश्न. हिशेबाच्या ॲपमध्ये एक्सेल फाइल उतरवून घ्यायचे बटण चाळीस दुकानदार मागत आहेत, म्हणून ते द्यायचेच, असे तुमच्या बैठकीत ठरत आहे. बटण करण्याआधी त्यांच्यापैकी एकाच्या दुकानात महिनाअखेरीस जाऊन बस आणि ती फाइल हाती आल्यावर तो तिचे काय करणार आहे, ते पाहा. कदाचित त्याला फाइल नकोच असेल, त्याच्या सीएला आकडे वेळेवर पोहोचायला हवे असतील. काय दिसले ते मला कळव.

तुझे बाबा